थियफिलाचा पत्ता

सव हे गाव महाडपासून फार दूर नाही. सावित्री नदीच्या काठी ऊन पाण्याची कुंडे आहेत, म्हणून चार माणसांना त्याचे नाव ठाऊक. गुडघेदुखीने बेजार झालेले म्हातारे तिथे पाय सोडून बसतात आणि घरी परतताना बरे वाटते असे सांगतात. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी, रविवारच्या मिस्सानंतर, आम्ही तिथल्या आपल्या एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. या भागात आपली घरे मोजकी आणि विखुरलेली. कोणी वसईकडून नोकरीसाठी आलेले, कोणी गोव्याकडचे, कोणी केरळचे. त्यामुळे घरभेट म्हणजे अर्धा दिवसाचा प्रवास, आणि अर्धा दिवस घालविल्यावर केवळ चहा घेऊन उठणे यजमानास रुचत नाही. घावनांचे ताट समोर आले तेव्हा त्या घरची थोरली मुलगी हातात एक फाइल घेऊन दारात उभी होती.

मुलगी चित्रे काढते हे आम्हांस माहीत होते. नाताळच्या गोठ्यामागचा पडदा तिनेच रंगविला होता आणि त्यात बेथलेहेमच्या टेकड्यांऐवजी रायगडचा डोंगर आल्यामुळे दोन ज्येष्ठ मंडळींनी नाक मुरडले होते. परंतु फाइलमध्ये चित्रे नव्हती, पत्रे होती. एकूण बावीस. वेगवेगळ्या कंपन्यांना तिने ती पाठविली होती आणि एकीचेही उत्तर आले नव्हते. सावित्रीच्या बारा महिन्यांची बारा चित्रे काढून त्यांची दिनदर्शिका छापावी, शिवाय ती चित्रे काढतानाच्या छोट्या चित्रफिती मोबाइलवर तयार कराव्यात, आणि या कामात एखाद्या नामांकित कंपनीने भागीदार व्हावे, अशी तिची योजना होती. हल्लीची तरुण मंडळी यास ‘कोलॅब’ म्हणतात. तिने आमच्याकडे मागितले ते एवढेच, की आपण एक शिफारसपत्र द्यावे.

आम्ही पत्र वाचावयास घेतले. इंग्रजी शुद्ध होते, शाळेतील बाईंनी तपासून दिले असावे. पण पहिल्याच ओळीत ती स्वतःस गरीब म्हणत होती, दुसऱ्या ओळीत कंपनीच्या थोरवीचे गोडवे होते, तिसऱ्या ओळीत ‘काही मदत’ अशी अंधूक मागणी होती. चित्र एकही जोडलेले नव्हते. बावीसही पत्रांचा मजकूर एकच, वरचे नाव तेवढे निराळे. आणि त्यांतल्या एका पत्रात ते बदलावयाचेही राहून गेले होते.

“बाय, हे पत्र तू कुणाला लिहिलंस?” आम्ही विचारले.

“मॅनेजरला, फादर.”

“मॅनेजर कोण?”

तिला ते माहीत नव्हते.

आम्हांस हसू आले, पण ते तिच्यावर नव्हते. मागण्याच्या विद्येत धर्मगुरूइतका तरबेज माणूस दुसरा मिळणे कठीण. छपराची कौले, शाळेची बाके, घंटेचा दोर, सणाचा मंडप, प्रत्येकासाठी आम्ही कुणाच्या ना कुणाच्या दारी उभे राहिलो आहोत आणि नेमके असेच पत्र तीस वर्षे लिहीत आलो आहोत. सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकविले, प्रवचनशास्त्र शिकविले, ग्रीकही शिकविले. मागावे कसे हे मात्र कोणी शिकविले नाही. वस्तुतः त्या ग्रीकमध्येच त्याचा पहिला पाठ होता, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले.

संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी थियफिल नावाच्या एका गृहस्थास संबोधतो. त्यासाठी तो जे आदरार्थी विशेषण योजतो, तेच ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात फेलिक्स आणि फेस्त या रोमन सुभेदारांना लावलेले आढळते. म्हणजे थियफिल कोणी प्रतिष्ठित मनुष्य असावा. लेखन नकलून घेणे त्या काळी खर्चाचे काम होते. तो खर्च या गृहस्थाने उचलला असावा, असा तर्क पुष्कळ अभ्यासक करतात. तो खरा मानला, तर आपल्या हाती असलेला उधळ्या पुत्राचा आणि दयाळू शोमरोन्याचा दाखला पोहोचविण्यात एका पाठीराख्याच्या पैशाचा वाटा आहे. लूक त्याच्यापुढे लोटांगण घालीत नाही. आपण काय शोधले, कोणाकडून शोधले, कोणत्या क्रमाने मांडले आणि हे वाचून थियफिलाला काय लाभेल, एवढे सांगून तो कामास लागतो. सारे एका वाक्यात. आणि मुख्य म्हणजे त्याला थियफिलाचा पत्ता ठाऊक होता. ‘प्रति, व्यवस्थापक’ असे त्याने लिहिले नाही.

त्या दिवशी घावने थंड होईपर्यंत आम्ही त्या मुलीशी बोलत बसलो. तिला आम्ही दादासाहेब फाळक्यांची हकीकत सांगितली. १९१२ साली चित्रपट काढण्यासाठी फाळक्यांना भांडवल हवे होते. हलती चित्रे हिंदुस्थानात कोणी काढू शकेल यावर विश्वास ठेवावयास कोणी तयार नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, तो उगवून वाढेपर्यंत नेमाने कॅमेऱ्यात टिपला आणि ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट तयार करून तो यशवंत नाडकर्णी या व्यापाऱ्यास दाखविला. नाडकर्ण्यांनी कर्ज दिले. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळक्यांनी नाडकर्ण्यांना आपल्या गरिबीची कथा ऐकविली असती तर चार रुपये मिळाले असते. त्यांनी वाटाणा दाखविला.

मुलीला ते पटले. तिचा वाटाणा तिच्यापाशीच होता. मे महिन्याचे चित्र पुरे झाले होते. कुंडांवरची पहाटेची वाफ आणि तिच्यात पाय बुडवून बसलेली एक म्हातारी, डोईवरचा पदर गळ्याशी घट्ट धरलेली. आम्हांस चित्रकलेतले फार कळत नाही, पण ती म्हातारी आम्ही मिस्साला पाहिली आहे असे क्षणभर वाटले.

पुढच्या आठवड्यात तिने नवे पत्र लिहिले. त्यातील भाषा तिची, काटछाट आमची. पहिल्या परिच्छेदात चित्र कशाचे आणि ते या कंपनीकडेच का पाठविले, एवढेच. दुसऱ्यात हिशोब: तीनशे प्रती, कागद कोणता, छपाईवाल्याने दिलेला दर, त्यातील किती वाटा हवा. तिसऱ्यात कंपनीस काय मिळेल, म्हणजे नाव कोठे येईल, केवढ्या अक्षरात, किती चित्रफितींत. चौथ्यात काय मिळणार नाही. हा चौथा परिच्छेद आमच्या आग्रहावरून घातला. मागणाऱ्याने आपली मर्यादा आरंभीच सांगितली म्हणजे देणाऱ्यास त्याची किंमत कळते, असे आमचे मत आहे. ते चूक असल्यास वाचकांनी सुधारावे. शेवटी अमुक तारखेपर्यंत उत्तराची वाट पाहीन, नंतर स्वतः फोन करीन, असे एक वाक्य. ‘गरीब’ हा शब्द गेला. त्या जागी मे महिन्याच्या चित्राची रंगीत प्रत आली.

बावीस कंपन्यांची यादीही आम्ही बाजूस ठेविली. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कचेऱ्यांत अशी पत्रे रोज येत असतील. सवच्या वाफेचे सोयरसुतक कोणाला असणार? त्यापेक्षा रायगडाच्या पायथ्याशी पर्यटकांची राहण्याची सोय करणारा, कोकम सरबताच्या बाटल्या भरणारा, महाडच्या बाजारपेठेत वह्या-रंग विकणारा, यांना या नदीचे काही देणेघेणे आहे. कोणाला कोणत्या भाषेत लिहावे हाही प्रश्नच. सरबतवाल्यांना तिने मराठीत लिहिले आणि पत्र टपालाने न पाठविता स्वतः नेऊन दिले. त्यांनी उभ्या उभ्या वाचले आणि विचारले, “म्हातारी आमच्याकडची की काय?”

मध्यंतरी रंग तयार करणाऱ्या एका कंपनीकडून रंगांची एक पेटी आली. सोबत पत्र: पाच चित्रफिती कराव्यात, पेटी हाच मोबदला, आणि तो मिळाल्याचा उल्लेख करू नये, चित्रफीत ‘सहज’ वाटावी. मुलगी हरखून गेली होती. असे रंग तिने कधी हाताळले नव्हते. तिच्या धाकट्या भावाने मात्र इंटरनेटवर शोधून काढले की असा उल्लेख टाळणे हे आता केवळ शिष्टाचाराविरुद्ध नाही, नियमाविरुद्धही आहे. जाहिरातदारांच्याच मानक परिषदेने २०२१ च्या जूनपासून असा दंडक घातला की पैसे, वस्तू वा सवलत घेऊन केलेल्या प्रसिद्धीवर तसे स्पष्ट नमूद केले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा तीच चूक केल्यास पन्नास लाखांपर्यंत. वस्तूरूपाने मिळालेल्या लाभाची किंमत वर्षाला वीस हजारांवर गेली तर त्यावर दहा टक्के कर कापण्याची तरतूदही १ जुलै २०२२ पासून आली आहे. रंगांच्या पेटीला त्याची धास्ती नव्हती, पण ऐकून आम्ही चकित झालो. आमच्या सेमिनरीच्या नीतिशास्त्रात ज्याला आम्ही ‘मौनाने केलेले असत्य’ म्हणत असू, त्याला सरकारने कलमे लावली होती! व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने २२ फेब्रुवारी १९९७ रोजी जाहिरातीच्या नीतीविषयी एक पत्रक काढले होते. सत्य, माणसाची प्रतिष्ठा आणि समाजाविषयीची जबाबदारी या तीन कसोट्या त्यात घातल्या आहेत. ते पत्रक आमच्या कपाटात तेव्हापासून आहे. उघडले मात्र फारसे गेले नव्हते.

मुलीने कंपनीस कळविले की पेटी मिळाल्याचे मी पहिल्याच चौकटीत सांगेन, आणि हिरवा रंग लवकर वाळून भेगाळतो हेही सांगेन. कंपनीने पेटी परत मागितली नाही, चित्रफितीही मागितल्या नाहीत.

याच सुमारास आम्हांस कामानिमित्त पोलादपूरला जाणे झाले. तिथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. नेवाशाचा हा विद्वान कवी. शिवाजी महाराजांनी आपले चरित्र रचावयास सांगितले म्हणून त्याने ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य आरंभिले. काशीच्या पंडितांनी विचारावे आणि कवीने गंगाकाठी बसून सांगावे, अशी त्याची मांडणी आहे. काव्य अपुरेच राहिले आणि शतके हस्तलिखितात पडून १९२७ साली स. म. दिवेकरांनी छापून प्रसिद्ध केले. समाधीपाशी उभे असता आमच्या मनात आले की हाही कोणाच्या तरी आश्रयाने लिहिणारा कलावंत. पण आपला आश्रयदाता कोण हे त्याने लपविले नाही. ग्रंथातच ते सांगितले आहे. वाचणारा ते जाणून वाचतो, जमेस धरतो, वजा करतो. खोट आश्रयात नाही, झाकण्यात आहे. या एका गोष्टीत सतराव्या शतकातला तो कवी आणि २०२१ चा दंडक एकमेकांना ओळख देतील.

परंतु प्रश्न एवढ्याने सुटत नाही, हे आम्हांस सप्टेंबरमध्ये कळले.

एका कारखान्याकडून पत्र आले. आम्ही त्या कारखान्याचे नाव घेणार नाही. पत्र सभ्य होते. तीनशे नव्हे, दोन हजार प्रती छापू, सर्व खर्च आमचा, वर मानधनही. अटी तीन. मुखपृष्ठावर नदीच्या निगेविषयी कारखान्याचे एक वाक्य असावे. जुलैचे चित्र बदलावे. आणि बाराही चित्रांचे सर्व हक्क कायमचे कारखान्याकडे यावेत.

जुलैच्या चित्राविषयी सांगावयास हवे. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळून वाडीच्या वाडी गाडली गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. महाडच्या बाजारपेठेत पाणी ओसरल्यावर जो चिखल उरला, तो उपसायला कित्येक दिवस लागले. मुलीने जुलैसाठी नदीचे चित्र काढलेच नव्हते. तिने एका दुकानाची आतली भिंत काढली होती. खाली चिखली, वर पांढरी, आणि मधोमध पाण्याने ओढलेली रेघ. त्या रेघेशेजारी दुकानदाराने खिळ्याने कोरलेली तारीख. नदी चित्रात कोठेच नाही, आणि सगळीकडे आहे.

कारखान्याला त्या जागी निळीशार नदी हवी होती.

सवच्या घरी आम्ही पुन्हा बसलो. या वेळी घावने नव्हती. मुलीचे वडील त्याच कारखान्यात पाळीवर काम करीत. त्यांनी काहीही न बोलता पत्र आमच्यापुढे सरकविले.

आधी तिसऱ्या अटीचा निकाल लावला, कारण ते सोपे होते. आपल्या देशातील १९५७ च्या कायद्यानुसार कलाकृतीचा हक्क मुळात ती घडविणाऱ्याचा. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘कायमचे’ हा शब्द म्हणूनच ते पत्रात घालतात. सहा अक्षरांचा नाही, पण पुढच्या पन्नास वर्षांचा मामला. एका वर्षाची दिनदर्शिका छापावयास एका वर्षाचा हक्क पुरतो, एवढे तिला समजले.

पहिल्या दोन अटींवर मात्र कोणी बोलेना. आम्हांकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. फादर सांगतील ते प्रमाण, अशी आपल्या घरांतली रीत अजून आहे, आणि त्या क्षणी ती आम्हांस नकोशी झाली. याचे कारण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात तरुण धर्मगुरू होतो. चर्चच्या वर्धापनाची स्मरणिका काढावयाची होती आणि तिचे संपादन आमच्याकडे होते. मलपृष्ठाची जाहिरात एका कारखान्याने दिली. त्या एका जाहिरातीतून निम्मी छपाई निघत होती. स्मरणिकेसाठी धर्मग्रामातल्या एका शिक्षकाने लेख दिला होता. ते मिस्सामध्ये पहिले वाचन करीत. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. लेख त्यांच्या लहानपणीच्या खाडीवर होता: कोणते मासे कोणत्या भरतीला येत, आई ते कसे वाटून देई, आणि आता जाळ्यात काय येते. कारखान्याचे नाव त्यात नव्हते. जाहिरातदाराने काही म्हटलेही नव्हते. आम्हीच घाबरलो. ‘जागा पुरत नाही’ असे सांगून लेख परत केला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला, “बरं, फादर,” म्हणाले आणि पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे वाचनास उभे राहिले. स्मरणिकेत त्या ठिकाणी आम्ही एक फुलांची वेलबुट्टी टाकली. लेखाची दुसरी प्रत नव्हती. शिक्षक आता हयात नाहीत.

हे आम्ही त्या घरात सांगितले. पापनिवेदनाच्या बाजूस बसण्याची सवय असलेल्या माणसास दुसऱ्या बाजूस बसणे जड जाते. बोलून झाल्यावर बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

पैसे देणारा नेहमी गळचेपीच करतो असे मात्र नाही, हेही सांगणे न्यायाचे होते. १९६६ साली अमूल लोण्याची जाहिरात सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे आली. ठिपक्यांच्या झग्यातली ती मुलगी युस्टेस फर्नांडिस यांनी रेखाटली. नावांवरून वाचकांनी ओळखले असेलच. जाहिरात छापण्यापूर्वी मंजुरीसाठी दाखवावयाची नाही, हे डाकुन्हांनी व्हर्गीस कुरियन यांच्याकडून मान्य करून घेतले, आणि कुरियननी शब्द पाळला. ती मुलगी आजही राजकारण्यांना कोपरखळ्या मारते. लोणी विकते ते त्या कोपरखळीमुळेच. असा धनी शंभरांत एक भेटतो, हे खरे; पण विचारल्यावाचून तो कोणता हे कळत नाही.

उलट, धनी म्हणजे कारखानदारच असतो असेही नाही. आंजेलो द फोन्सेका हा गोव्याचा चित्रकार शांतिनिकेतनात शिकून आला आणि त्याने पवित्र मरियेस साडी नेसविली. गोव्यातल्या आपल्याच मंडळींना ते खपले नाही. तो पुण्यास गेला, तिथल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला. फादर हेरास यांच्यासारखे येशूसंघीय विद्वान त्याच्या पाठीशी उभे राहिले. १९६७ साली पुण्यातच तो वारला. आज त्याची चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेली आहेत आणि आम्ही धर्मगुरू त्यांच्या प्रती नाताळच्या शुभेच्छापत्रांवर पाहून माना डोलवितो. फोन्सेकाने मरियेस निळा झगा घालून देण्याचे कबूल केले असते तर गोव्यात त्याला चर्चेसची कामे मिळाली असती, असे आम्हांस वाटते. आमच्या गोठ्याच्या पडद्यावरील रायगडाला नाक मुरडणाऱ्या दोघांना आम्ही तेव्हा काहीच म्हटले नव्हते, हेही इथे आठवते.

आणि महाडात बसून आणखी एक नाव विसरता येत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला तो राजर्षी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापावयास ‘केसरी’ राजी झाला नव्हता. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. ते पैशाअभावी धापा टाकू लागले तेव्हा १९२८ मध्ये त्यांनी वाचकांपुढे हिशोबच मांडला. त्या लेखाचे शीर्षक ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ असे आहे. मागणेही इतक्या ताठ मानेने करता येते! आमच्या हातून गेलेल्या शेकडो विनंतीपत्रांत असे एक शीर्षक नाही.

मुलीने मधेच विचारले, “फादर, आईच्या मोबाइलमध्ये पुराचे फोटो आहेत. पाणी तांबडं आहे. मी ते निळं कसं करू?”

आम्ही तिच्या वडिलांकडे पाहिले. ते बराच वेळ नखाने टेबलावरचा मेणाचा डाग खरवडीत होते.

“नोकरी माझी आहे,” ते म्हणाले, “चित्र तिचं आहे.”

संत पौलाचा हिशोब आम्हांस त्या रात्री घरी परतल्यावर नीट उमगला. करिंथमध्ये तो अक्विला आणि प्रिस्किला यांच्यासोबत तंबू शिवून पोट भरीत होता. करिंथकरांकडून त्याने पैसा घेतला नाही. फिलिप्पैकरांकडून मात्र घेतला, आणि कृतज्ञतेने घेतला. त्यांना लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस तो देण्याघेण्याच्या हिशोबात भागीदार झाल्याबद्दल त्यांचे आभार मानतो. मूळ ग्रीकमध्ये ती भाषा चक्क व्यापाऱ्याच्या खातेवहीतली आहे, आणि भागीदारीसाठीचा शब्द ‘कोइनोनिया’ याच्या कुळातला, ज्याने आपण पवित्र सहभागित्वही ओळखतो. करिंथचे पैसे आणि फिलिप्पैचे पैसे यांत नाण्यांचा फरक नव्हता. करिंथकरांचे पैसे घेतले असते तर त्यांना दोन शब्द सुनाविणे पौलाला अवघड गेले असते.

मुलीने कारखान्यास उत्तर लिहिले. या वेळी तिने ते आम्हांस दाखविले नाही, पाठविल्यावर वाचून दाखविले. मदतीबद्दल आभार, मागील पानावर इतरांसारखेच आपले नाव छापीन, एका वर्षाचा छपाईहक्क देईन, जुलैचे चित्र तेच राहील, नदीच्या निगेविषयीचे वाक्य मला लिहिता येणार नाही, कारण मी ती पाहिलेली नाही. आपण मला सांडपाणी शुद्ध करण्याची जागा आतून दाखविलीत, तर जे दिसेल त्याचे चित्र मी पुढच्या वर्षी काढीन आणि खाली आपले नाव लिहीन.

हे शेवटचे वाक्य आम्हांस सुचले नसते. नकार देतानाही तिने दार लोटले, कडी घातली नाही.

कारखान्याचे उत्तर आले नाही. वडिलांच्या नोकरीस काही झाले नाही. पण दोन-तीन महिने पाळीवर निघताना ते डबा विसरत, असे त्यांच्या पत्नीने सांगितले. त्या घरावर काय ओझे होते, ते आम्ही बाहेरून सल्ला देणाऱ्यांनी फार बोलू नये.

दिनदर्शिका तीनशेच छापल्या. कागद वह्यांच्या दुकानदाराने घाऊक भावाने दिला, सरबतवाल्यांनी छपाईचा मोठा वाटा उचलला, रायगडाच्या पायथ्याच्या लॉजवाल्याने पन्नास प्रती आगाऊ पैसे देऊन घेतल्या. तिघांची नावे मागील पानावर, एकाच आकाराच्या अक्षरांत, आणि कोणी काय दिले तेही. छपाईवाल्याला ही रीत चमत्कारिक वाटली. ‘कालनिर्णय’ने १९७३ पासून आपल्या घरांच्या भिंती काबीज केल्या आहेत, पाठीमागे पाककृती आणि राशिभविष्य नसलेले कॅलेंडर कोण घेईल, अशी त्याला शंका होती. तिची चूक एकच झाली: उपवासकाळाचा पहिला बुधवार तिने आठवडाभर आधी दाखविला. त्याबद्दल आम्हांस चार फोन आले.

यंदा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही महाडच्या बाजारपेठेत वह्या घ्यावयास गेलो होतो. गल्ल्यामागच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती, आणि तिच्यावर अजून जुलै होता. त्याच भिंतीवर, हातभर वर, खिळ्याने कोरलेली तारीख होती. महिना उलटला आहे, पान फिरवावयाचे राहिले काय, असे आम्ही विचारले. दुकानदाराने वह्या बांधता बांधता मान वळवून पाहिले आणि म्हणाला, “राहू द्या, फादर. तारीख मोबाइलवर बघतो.”